रेझाचं धुराडं

बशी रिकामी परत आली, तेव्हाच यान्याच्या मनात पाल चुकचुकली.

शिमानं बशी टेबलावर ठेवली आणि मिशी पुसली. “रेझाला फार आवडल्या करंज्या. म्हणाली, यान्याच्या हाताला तोड नाही.”

“असं म्हणाली?”

“अगदी अस्संच.”

यान्यानं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. समोरच्या घरातली विधवा रेझा तिची परकर-पोलक्याच्या वयापासूनची मैत्रीण. जर्दाळू तिला वासानंसुद्धा चालत नसे. स्वतःच्या लग्नात चुकून खाल्ला, तर नवरीच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. म्हणूनच यान्यानं या खेपेला करंज्यांत मुद्दाम जर्दाळूचा मुरंबा भरला होता.

आणि बशी चाटूनपुसून आली होती.

शरद ऋतूत गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून यान्यानं फाटक ओलांडलं नव्हतं. बाहेर बर्फ, पाय कच्चा. तिचं जग म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीतून रस्ता दिसे, दुतर्फा तुतीची झाडं दिसत. सुगीत याच रस्त्यावर गव्हाच्या गाड्यांची रांग लागायची, घोड्यांच्या गळ्यातल्या घुंगरांनी झोप मोडायची. सगळ्या स्लाव्होनिया प्रांतात या गावच्या कोठारांचं नाव होतं. आता पालिकेनं वेशीवर घोडागाडीचं चित्र लावलंय. चित्रातली गाडीसुद्धा रिकामीच. पोरं जर्मनीला गेली, आयर्लंडला गेली, मागून म्हातारी माणसंही गेली. साऱ्या रस्त्यावर दोनच धुराडी जागी राहिली. एक यान्याचं, एक रेझाचं.

मुलगा झ्वोन्को आला होता शरदात, ऑपरेशनच्या वेळी, दोघांना डब्लिनला न्यायला. यान्यानं त्याला शब्द दिला होता, “ज्या दिवशी रेझाचं धुराडं थंड पडेल, त्या दिवशी येईन. एकाच धुराच्या रस्त्यावर मी राहणार नाही.” शिमानं खांदे उडवले होते. “मला काय, खाट टाकाल तिथं निजेन.”

तेव्हापासून शिमा रोज लाकडाची मोळी घेऊन समोर जाई. “एकटी बाई, लाकडं कोण फोडणार?” आधी यान्याला त्याचं कौतुक वाटलं. मग दिसलं, की वाळलेलं बीच झाडाचं लाकूड तिकडे जातंय आणि आपल्या चुलीत ओला पॉप्लर फुसफुसतोय. रेझाला फोन लावावा, तर उचलत नाही. “बिघडलाय,” शिमा म्हणे. तीन राजांच्या सणाला पाद्रीबाबा घराला आशीर्वाद द्यायला आले, तर शिमानं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. तिथं दोघांची कुजबुज चालली. यान्यानं खिडकी उघडेपर्यंत ती थांबली. आणि परवा तर म्हातारा शीळ घालत परतला!

यान्यानं कणीक मळता मळता त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, तरुणपणी लग्नांत तंबुरीवर म्हणत तसं:

“चूल पेटे शेजारणीची, धूर गगनाला भिडे,
घोडा माझा म्हातारा गं, तिच्या कुंपणावरून उडे.”

शिमाचे कान लाल झाले. “सत्तरी उलटली माझी, यान्या.”

“घोड्याला वर्षं मोजता येतात होय?”

बशी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिमा मोळी घेऊन निघाला, तशी यान्यानं डोक्याला रुमाल बांधला, काठी घेतली. रस्ता ओलांडताना एकेक पाऊल टाकी आणि एकेक शिवी जुळवी. रेझाच्या दारापाशी पोचली, तर मान आपोआप वर गेली. दरसाल आशीर्वाद देऊन जाताना पाद्रीबाबा चौकटीवर खडूनं वर्ष लिहितात. यान्याच्या चौकटीवर नवं वर्ष पांढरंशुभ्र होतं. इथं मात्र गेल्या सालचे आकडे, तेही अर्धे पुसलेले.

म्हणजे बयेनं पाद्रीबाबांनासुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवलं! असं काय लपवायचं होतं घरात?

तिनं काठीनं दार ढकललं.

खुर्च्या टेबलावर उलट्या मांडलेल्या. पलंगावरची गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली. भिंतीवरचं घड्याळ बंद. आणि धडधडत्या चुलीपुढे, बुटक्या स्टुलावर, एकटा शिमा. हातात लाकूड, मिशीत करंजीचा चुरा.

“रेझा कुठंय?”

शिमा उठला, पुन्हा बसला. “लेकीकडे. म्युनिकला. तुला दवाखान्यातून घरी आणलं, त्याच आठवड्यात गेली, तू अंथरुणातच होतीस. तुझा निरोप घेणार होती, मीच घेऊ दिला नाही.”

“आणि तू इथं रिकाम्या घराला शेकवतोयस?”

“तूच शब्द दिला होतास झ्वोन्कोला.”

चुलीत लाकूड तडतडलं. यान्यानं टेबलावरची एक खुर्ची ओढून सरळ केली आणि दुखरा पाय लांब करून बसली.

“मला वाटायचं, तुला जायचंय,” ती म्हणाली. “खाट टाकाल तिथं निजेन म्हणालास.”

“खाट कुठंही पडते गं,” शिमा चुलीकडे बघत म्हणाला. “झोप इथंच लागते.”

रविवारी, प्रार्थनेच्या घंटेनंतर, नेहमीप्रमाणे झ्वोन्कोचा फोन आला. शिमा कोपऱ्यात डुलक्या घेत होता.

“आई, काय ठरलं? रेझामावशीचं धुराडं अजून पेटतंय का?”

यान्यानं खिडकीबाहेर पाहिलं. “तिला काय धाड भरलीय? पेटतंय की.”

मग फोनवर तळहात दाबून तिनं काठीनं शिमाला ढोसलं.

“ऊठ, धूर पातळ झालाय. आणि जाताना त्या आलुबुखाराच्या करंज्या ने. जर्दाळू रेझाला चालत नाही.”