खुर्चीखालची जमीन

रामबाईचा झाडू खुर्चीच्या पायाला लागला आणि पाय पापडासारखा आत गेला.

तिने झाडू टाकला. वरची चादर ओढली. खुर्ची होती तशीच उभी होती. उंच पाठ, पाठीवर कोरलेला क्रूस, हातांवर द्राक्षांचे वेल. रामबाईने वेलीवर बोट टेकवलं. बोट आत गेलं. आत लाकूड नव्हतंच. माती होती आणि मातीत उधई, म्हणजे वाळवी, वळवळत होती.

"ऐकता का?" तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडं या. पयले या."

पुनाजी चर्चच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होता. तो आला आणि बघत राहिला. बिशपसाहेबांची गाडी केव्हाही येणार होती.

वर्षापूर्वी शहरातल्या कॅथेड्रलचं छप्पर दुरुस्तीला निघालं होतं. बिशपांची खुर्ची जिथे, तेच कॅथेड्रल, असं ख्रिस्ती लोकांत मानतात. खुर्ची तोवर वर्ध्याच्या चर्चमध्ये जाईल असं साऱ्यांना वाटलं. बिशपसाहेबांनी ती हिंगणीपलीकडे, जंगलाच्या काठच्या कौलारू चर्चमध्ये पाठवली. त्या चर्चच्या भिंती तिथल्या गोंड कुटुंबांनी स्वतः उचलल्या होत्या. खुर्ची बैलगाडीतून, गवतावर निजवून आली. चार बिशप तिच्यात बसून गेले होते. "सांभाळा, पुनाजी," एवढंच साहेब म्हणाले.

पुनाजी कुमरे तिथला प्रचारक. प्रार्थना तो घ्यायचा, मेलेल्यांना मातीही तोच द्यायचा. त्याने खुर्ची सांभाळली. कोणाचा हात लागू दिला नाही. नाताळला साहेब येऊन तिच्यात बसले. ईस्टरच्या पहाटे पुन्हा बसले. मधले सगळे रविवार ती रिकामी होती, तरी लोक तिच्याकडे पाठ करत नसत. हिंगणीचे महादेवराव पाटील एकदा सहज डोकावले. वहाणा बाहेर काढून दारात उभे राहिले.

"बसणारा कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"दौऱ्यावर हायेत जी."

"नाई, पण कोणी बसून हाय असंच वाटते," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

पावसाळ्यात नाल्याने वाट बंद केली. पुनाजीने खुर्चीवर चादर घातली. रामबाई दर शनिवारी सारी जमीन शेणाने सारवायची. खुर्चीखालचा चौकोन मात्र कोरडाच राही. कॅथेड्रलच्या खुर्चीला शेणाचा शिंतोडा नको, असं पुनाजीने बजावलं होतं. उधई त्या चौकोनातून वर आली.

"सारवू देलं असतं तं उधईनं तोंड काढलं नसतं," रामबाई म्हणाली. "आन् हे विलायती लाकूड. आपला साग असता तं दात पडले असते तिचे."

आज पुनाजीची दीक्षा होती. आज तो डीकन होणार होता. पाद्री होण्याची ती पहिली पायरी. जंगलकाठच्या त्या गावांतून ती कोणी चढलं नव्हतं. चर्चमध्ये माणसं येऊन बसू लागली होती. आंजीहून त्याची आत्या देवकाबाई आली होती. आणि बिशपसाहेब महिनाअखेर कायमचे विलायतेला निघणार होते. नव्या साहेबाला चौथी शिकलेल्या पुनाजीचं काय पडलं होतं?

गाडी आली. साहेबांबरोबर शहरातले वडीलधारे पाद्री अण्णाजी होते. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. क्रूस भुसा होऊन त्यांच्या बोटांतून गळला.

पुनाजीने सरळ सांगितलं, "साहेब, माह्या हातानं झालं. म्या कोणाले जवळ येऊ देलं नाई. आता हे कॅथेड्रल राह्यलं नाई. दीक्षा राहू द्या."

"राहूच द्यावी लागेल," अण्णाजी म्हणाले. "बिशप बसणार कुठे? शहरात छप्पर झालंय. पुढे कधीतरी तिथे बघू."

बिशपसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते त्या भुशाकडे बघत होते. मग ते रामबाईकडे वळले. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं, एकेक शब्द वेगळा.

"बाई, आपण येथे कोठे बसता?"

"आमी?" रामबाई गोंधळली. "खालीच बसतो जी. आनखी कुठं बसन?"

साहेबांनी बूट काढले. हातातली बिशपपदाची उंच काठी भिंतीला टेकवली. मग त्या म्हाताऱ्या इंग्रजाने एक हात जमिनीला लावला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि लोकांच्या पुढे, सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली. मांडी नीट जमली नाही. देवकाबाई "अगं माय" म्हणाली आणि तिने पदर तोंडाला लावला. अण्णाजी उभे होते. थोड्या वेळाने तेही बसले.

"ये," साहेब म्हणाले.

दीक्षेची रीत ठरलेली. बिशप खुर्चीत बसतात. उमेदवार समोर गुडघे टेकतो आणि मान लववतो. बिशप वरून त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. पुनाजीने गुडघे टेकले. त्याचं डोकं साहेबांच्या डोक्याच्या वर गेलं. त्याने घाईने मान खाली घातली, खांदे पाडले, पाठ वाकवली. तरी ते वरच राहिलं. तो आणखी वाकायला लागला, तेव्हा साहेबांनी त्याचा दंड धरून त्याला थांबवलं.

"ताठ राहा," ते म्हणाले.

पुनाजी ताठ झाला. मागे सारी माणसं आपापल्या गुडघ्यांवर आली.

आणि त्याच्या डोक्यापर्यंत हात पोचवायला बिशपसाहेबांना वर बघावं लागलं.