दुपट्याचे टाके

नवा मॉनिटर जळाला म्हणून वृंदाने माळ्यावरचा जुना काढून जोडला, आणि गडहिंग्लजला बसून व्हिडिओ कॉलवर बोलत बाळाचं दुपटं शिवणाऱ्या आईचा हात पडद्यावर थरथरू लागला.

वृंदाने पडद्यावर चित्र दाखवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, केबल बदलली. आईमागची भिंत हलत नव्हती, कपाळावरचं कुंकू हलत नव्हतं. हलत होता तो फक्त सुईचा हात.

"तुझंच यंत्र बिघडलंय गं," आई म्हणाली आणि तिने हात पदराखाली घेतला, जरा घाईनेच.

ती घाई वृंदाला खटकली. आईने एक दुपटं आधीच पाठवलं होतं, बाळ जन्मायच्या आत उघडायचं नाही अशी शपथ घालून. वृंदाला नववा लागला होता. तरी तिने पुडकं सोडलं. पडद्यावर रोज सरळ रेषेत उमटलेले टाके इथे वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे पांगले होते.

"कधीपासून, आई?"

"दोन वर्षं झाली," आई खाली बघत म्हणाली. "कळलं असतं तर बाळाला न्हाऊ घालू दिलं असतंस मला?"

तेवढ्यात ड्रायव्हरने जुना मॉनिटर ओळखला. पडद्यावर प्रश्न उमटला: 'थरथर आढळली. पूर्वीप्रमाणे दुरुस्त करून दाखवू?'

वृंदाने 'नको' दाबलं.

"न्हाऊ तूच घालायचंस. मी शेजारी बसून धरीन."

"ओली बाळंतीण तू, बाळाला कशी धरशील?"

"बाळाला नाही," वृंदा म्हणाली. "तुझा हात."