हिरव्या वाटणातले बटाटे

"ऊन आहे तवरच चिर गो. बटाटा निवला की मीठ आत घेत नाय."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला नवऱ्याचा तो आवाज गोदाच्या कानात अजून तसाच होता. बोटं पोळत होती. तिनं त्यांच्यावर फुंकर घातली आणि दुसरा बटाटा सोलायला घेतला.

तो जन्मला कळव्याच्या मिठागरावर, पण रमला कल्याणला, आगगाडीच्या साहेबाच्या बंगल्यावर, खानसाम्याच्या हाताखाली. मेमसाहेबाचं खाणं एकदा पाहिलं की घरी येऊन करून दाखवायचा. ही बटाट्याची तऱ्हा तिथलीच. फक्त तिथं अंडं आणि तेल घोटून केलेला जाड लेप असे, घरी त्यावर दुधाची साय पडे.

पुढं त्याचं पोट बिघडलं. ठाण्याच्या वैद्यानं तेल तोडलं, साय तोडली. तो रिकाम्या ताटलीकडे बघून उसासे टाकू लागला, तेव्हा गोदानं परसातली कोथिंबीर खुडली, पुदिना खुडला. आल्याचं बोटूक आणि मिरची घालून गंधासारखं वाटण केलं. पातळ ताकात ते कालवलं, वर लिंबू पिळलं.

"औषध केलंस काय गो?" पहिल्या घासाला तो म्हणाला होता. मग बोटं चाटत म्हणाला, "मेमसाहेबाचं खाल्लं की झोप येते. तुझं खाल्लं की भूक लागते."

गोदानं पाट्यावर कोथिंबीर ठेवली. एरवी वाटताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजत. आज वरवंटा एकटाच बोलत होता.

"साय घाल वरून," दारातून सासू म्हणाली. बायजाचे डोळे सुजले होते. "आज कसलं पथ्य माझ्या लेकाला?"

"नको, आत्याबाई. हलकंच सोसतं त्यांना."

"आणि नाय खाल्लं तर? आज तो उपाशी राहिला, तर मला जन्मात घास गोड लागायचा नाय."

"खातील," गोदा म्हणाली. पण वाटणात मीठ घालताना तिचा हात थांबला.

त्या शेवटच्या संध्याकाळी तिनं हेच बटाटे केले होते. जेवता जेवता त्यानं मान वर केली आणि जुनंच मागणं मागितलं.

"एकदा नाव घे की गो माझं."

लग्नात बाया उखाण्यासाठी अडून बसल्या होत्या. गोदानं ओठ मिटले ते मिटलेच. सगळा मांडव हसला, तोही हसला. पण नंतर सणावारी, कधी अंगणात चांदणं पडलं की, तो मागत राही. तिला जात्यावर ओवीमागून ओवी सुचे. त्याच्या नावापाशी आली की ओवी अडे. नवऱ्याचं नाव तोंडावर आणायचं नाही हे तर होतंच. पण त्याहून खरं म्हणजे, ते नाव तिनं ठेवणीतल्या लुगड्यासारखं राखून ठेवलं होतं.

"उद्या घेते," ती त्या संध्याकाळी म्हणाली होती.

"तुझा उद्या कधी उजाडायचा?" असं म्हणून तो हात धुवायला उठला. दुसऱ्या पहाटेपासून घरात त्याचा आवाज नव्हता. तेव्हापासून चुलीवर फोडणीही बसली नव्हती.

"वैनी, झालं काय?" धाकटा दीर दौलत बाहेरून ओरडला. "माणसं कवाची खाडीवर बसलीत."

गोदानं बटाटे वाटणात हलक्या हातानं घोळले आणि वाडगं पदराखाली घेतलं. वाटेत तिनं विचारलं, "भावजी, खातील ना?"

"न खाऊन सांगतो कुणाला? तुझ्या हातचं कधी नाकारलंय दादानं?"

खाडीकाठी पिंपळाखाली केळीचं पान मांडलं. भात होता, त्याच्या आवडीची सुकी मासळी होती. कडेला गोदानं बटाटे वाढले. भावकीतले वडीलधारे धाकूकाका म्हणाले, "चला, मागं सरा. माणसं अंगावर बसली तर तो कसला जेवतोय!"

सगळे मागं सरले. ओहोटी लागली होती. चिखलावर ऊन चमकत होतं. पान तसंच राहिलं.

"रुसलाय," बायजा म्हणाली. ती दोन पावलं पुढं झाली. "अरे लेका, आईवर कसला राग? माझं काय चुकलं असंल तर पोटात घाल, पण घास घे रं."

काही नाही.

दौलत पुढं आला. त्याला बोलायची सवय नव्हती. "दादा, मिठागराचा बांध मी बघीन. आयेला अंतर देणार नाय. वैनी या घरातच मानानं राहील. आता खा बाबा."

वाऱ्यानं पानाची कड उचलली आणि सोडली.

"ऊन चढलं," धाकूकाका हळूच म्हणाले. "काहीतरी राहिलंय त्याच्या मनात. कोणाला ठाऊक असंल तर बोला. असा उपाशी नाय ठेवायचा माणूस."

बायजा तोंडात पदर कोंबून खाली बसली. आणि गोदा उठली.

बायांनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला. पानाजवळ जाऊन ती हात जोडून उभी राहिली, नवरी उभी राहते तशी, मान खाली घालून.

"तुमचं मागणं मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"अगो, आता नाव?" मागून कुणी बाई चरकून म्हणाली. "आता नाय घ्यायचं!"

गोदानं मान वर केली. तिचा आवाज खाडीपलीकडे जाईल इतका स्वच्छ होता.

"खाडीचं पाणी मीठ झालं, उन्हात आटून आटून;
काळुरामाचं नाव घेते, आज कंठ दाटून."

पिंपळाच्या शेंड्यावरून कावळा खाली झेपावला, आणि पिंडाशेजारचा बटाटा चोचीत धरून खाडीवर उडाला.