आंघोळीचं पाणी
चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात सून सिंधू तान्हुलीला घेऊन माहेराहून केळझरला आली आणि न्हाऊ घालण्याचा मान आजीकडे, देवकाबाईंकडे आला. त्यांनी बादलीत हात बुडवला, तर बोटांना ऊन-गार कळेना. दहा वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार आहे, पण सौम्य, चालत्याफिरत्या राहाल, कधी उलटेल, सांगता येत नाही. बोटं सुधारली, धाकधूक राहिली. सुनेला कुणीच सांगितलं नव्हतं. देवकाबाई उठल्या, बसल्या, पुन्हा हात बुडवला. “काऊन थांबल्या, आत्याबाई?” सिंधूनं सासूला विचारलं. “पोरगी गारठून राह्यली.” “माया बोटाले पाणी समजून नाई राह्यलं. जुना आजार हाय.” सिंधूनं हात घातला, चटका बसताच काढला, गार पाणी ओतलं. “आता घाला आंगोळ.” “पुढे हातच गेला तर?” “तवा मी घालीन. तिले बी, तुमाले बी.” देवकाबाईंनी नात पायांवर घेतली.