मुक्कामी खुर्ची

बोट्स्वानातल्या एका गावाला दवाखाना मंजूर झाला. गावाने आनंदात बकरंही कापून खाल्लं. आता मात्र तो मंजूर झालाच नव्हता असं धरून चालायचं, कारण अट होती पाचशे वस्तीची आणि शिरगणतीत भरली चारशे नव्व्याण्णव माणसं.

मोजणारी ओनालेना स्वतःच आठ महिन्यांची गरोदर. जवळचं इस्पितळ गाढवगाडीने दिवसभराच्या वाटेवर. वैतागून तिने मोजणीतून सुटलेले एकमेव मोलेफीआजोबा गाठले.

"आजोबा, मोजणीच्या रात्री कुठे झोपलात?"

"रानात, गुरांच्या तळावर. गाय व्यायची होती."

"जो जिथे झोपला तिथेच मोजायचा असतो हो! एक रात्र गावात झोपायला काय झालं होतं?"

"गायीला सांग तुझा नियम. आणि मी गावचाच की! ती बघ माझी खुर्ची."

चावडीच्या झाडाखाली ज्याने त्याने आपली खुर्ची आणायची रीत होती. आजोबांची वीस वर्षांत जागची हलली नव्हती. ते रानात असले तरी तिच्यात कुणी बसत नसे.

"नाहीतर पोटातलं धर."

"ते बाहेर आल्यावर मोजतात. आणि बाहेर यायला त्याला दवाखाना हवाय!"

आजोबांनी पुन्हा खुर्चीकडेच बोट दाखवलं. ओनालेनाने कपाळावर हात मारला, मग त्याच हाताने 'विशेष शेरा'च्या रकान्यात लिहिलं. आजोबांनी साक्षीला अंगठा उठवला.

'सदर खुर्ची मोजणीच्या रात्री गावातच मुक्कामास होती. तरी तिला रहिवासी समजून दवाखाना पूर्ववत मंजूर करावा, ही नम्र विनंती.'