ॲव्हरेज

वैजनाथ लातुरात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. हौसेनं नवी हायब्रीड गाडी घेतली, पण सांगितलेलं ॲव्हरेज काही मिळेना. "नुसती पेट्रोल पिऊन राहिली," म्हणून घरात चिडचिड करायचा. शेवटी त्यानं मेकॅनिकला फोन लावला.

"सर, उभ्या गाडीत एसी लावून कुणी बसतं का? बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं."

"छे, कोण बसणार!"

पण शंका स्वस्थ बसू देईना. दुपारचा तास दुसऱ्यावर सोपवून तो स्कूटरवरून घरी आला. बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी होती, इंजिन घरघरत होतं. पुढच्या सीटवर त्याची बायको आरती. त्याला पाहताच तिनं ओठांवर बोट ठेवलं. मागच्या सीटवर त्याची आई, कस्तुराबाई, चक्क घोरत होती.

वैजनाथ बघतच राहिला. भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळून वडील गेले, तेव्हापासून आई छताखाली कधी निवांत झोपलीच नव्हती. फ्लॅटवर आणल्यापासून तर गॅलरीत नुसती बसून असायची.

"दवाखान्यातून येताना गाडीतच डोळा लागला त्यांचा," आरती कुजबुजली. "तवापासून रोज दुपारी आणते. म्हणतात, हितं डोक्यावर दगडमाती न्हाई. तुम्ही चिडाल म्हणून बोलले न्हाई. बंद करू का?"

आईचं असं गाढ घोरणं तो लहानपणानंतर आज ऐकत होता.

"न्हाई," तो म्हणाला, "चालू राहू दे."