अंकितानं काल काय बघितलं

"कुणी काय वाचलं, ते दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. नवऱ्यानं विचारलं तरी नाही, सरपंचानं विचारलं तरी नाही." निवृत्त होताना गोदावरीबाईंनी वाचनालयाच्या चाव्या दीपमालाच्या हातात ठेवल्या, तेव्हा एवढंच सांगितलं होतं.

आता टेबलापुढे हंबीरआबा उभे होते. वाचनालयाचे अध्यक्ष, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. कडेगावात त्यांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. त्यांच्या सुनेनं, अंकितानं, काल इथल्या कॉम्प्युटरवर तासभर बसून काय बघितलं, ते त्यांना हवं होतं.

दीपमालानं बोलणं नव्या पुस्तकांवर नेऊन पाहिलं. आबा हलले नाहीत. कॉम्प्युटर आल्यापासून लोक इथं कादंबऱ्यांपेक्षा प्रश्नच जास्त घेऊन येत. आजाराचे, भरतीचे, कोर्टकचेरीचे. घरात ज्यांची वाच्यता नको असे. एकादशी मोडली तर देव पदरात घेईल, पण हा नेम मोडला तर माणसं पुन्हा पायरी चढायची नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, तुमास्नी हितं कुणी बसवलंय, ध्यानात हाय न्हवं?"

दीपमालानं चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. "ध्यानात हाय, आबा. ह्या घ्या. पण अंकितानं काय बघितलं, ते न्हाई सांगायची."

आबांनी जुडगा उचलला, हातात तोलला आणि परत तिच्यापुढे सरकवला. मग दार लोटून घेतलं, बाकावर टेकले आणि सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"सून काय बघती, ते मला कशाला पायजे? तुमचं तोंड किती घट्ट हाय, ते बघायचं हुतं."

कागद सांगलीच्या डॉक्टरांचा होता. गेल्या महिन्यात आबा स्वतःच्याच उसाच्या रानाची वाट चुकले होते. दोनदा. घरात त्यांनी कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव इंग्रजीत लिहून दिलेलं. मोबाइलवर शोधलं, तर एक म्हणे डोक्याला बदामाचं तेल चोळा, दुसरा म्हणे वर्षात खेळ खलास.

"पुढं काय काय इसरायचं हाय, ते आत्ताच कळाया पायजे, पोरी. खरं तेवढंच."

औषधपाणी डॉक्टरच सांगतील, असं ती म्हणाली. पण खरं काय आणि थापा काय, ते निवडून आठ दिवसांत मराठीत लिहून देण्याचा शब्द तिनं दिला.

आबा उठले. दाराशी घुटमळले. "आन् मीच इसरलो, नि तुमास्नीच इचाराय आलो, म्या काय बघितलं म्हणून?"

"तवा सांगीन की. ते तुमचंच हाय."

आबा गेल्यावर तिनं कोरी वही काढली. वर नाव घातलं नाही. पहिलं पान उघडून मोठ्या, ठळक अक्षरांत सुरुवात केली: 'आबा, हे तुम्ही स्वतः विचारलं होतं.'